मम्मी चालते तशी

मुंबईतली नोकरी सुटल्यावर गौरी बापट दिवेआगरला परत आली, तेव्हा आळीत सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, की ही आता करणार काय? तिचे वडील शरच्चंद्र लोकांना सांगायचे, "ती कार्टून काढते." ऐकणारा मान हलवायचा आणि पुढे जायचा.

खरं तर गौरी चालणं काढायची. ॲनिमेशनच्या स्टुडिओत तिचं तेच काम होतं. हत्ती असो, राक्षस असो की पाठीला दप्तर लावलेला ससा असो, तो पडद्यावर चालणार कसा, पाऊल कधी उचलणार, मान कुठे झुकणार, हे ठरवून एकेक चित्र काढायचं. त्यात तिचं नाव होतं. मग स्टुडिओतली माणसं कमी झाली, त्यात तीही गेली. त्याच्या आदल्या वर्षी आई अचानक गेली होती. वडील वाडीत एकटेच, वादळात आडव्या झालेल्या पोफळींच्या जागी नवी रोपं लावत बसलेले. गौरीने सामान आवरलं आणि घरी आली.

जूनमध्ये एका सकाळी हायस्कूलचे मुख्याध्यापक शिवदास सर कुंपणाशी स्कूटर लावून आत आले.

"नववीच्या मुलांना शनिवारी दोन तास काहीतरी शिकवाल का? चित्रकलेला शिक्षक नाही आम्हाला."

"कॉम्प्युटर आहेत शाळेत?"

"आहेत की. चालू नाहीत."

गौरीला हसू आलं. "मग कागदावरच शिकवते," ती म्हणाली.

सुताराकडून तिने उतरत्या लाकडी पाट्या करून घेतल्या. मधोमध काच, काचेखाली बल्ब, कडेला दोन खुंट्या. जुन्या परीक्षांच्या पाठकोऱ्या कागदांना भोकं पाडून ते खुंट्यांवर अडकवले, की खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं आणि पुढचं चित्र त्याच्यापेक्षा किती सरकवायचं ते कळतं. पहिल्या शनिवारी तिने उसळणारा चेंडू घेतला. जमिनीला लागताना तो चेपतो, वर जाताना ताणतो, वर पोचल्यावर जरा रेंगाळतो.

"मॅडम, नारळ पडला तर?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"तूच सांग."

"तो नाय उसळत. थप्पकन बसतो."

"मग तो चेंडूसारखा काढला तर काय होईल?"

"रबराचा वाटेल!" सगळा वर्ग ओरडला.

"बरोबर. हलणारी कुठलीही गोष्ट काढायची, तर आधी तिचं वजन कुठे आहे ते शोधायचं. बाकीचं मागून येतं."

मुलांना गोडी लागली. उडी मारण्याआधी माणूस खाली वाकतो, माड डोलायचा थांबला तरी झावळ्यांची टोकं हलत राहतात, हे त्यांनी रोजच पाहिलेलं होतं. आता ते कागदावर उतरायला लागलं. पाऊस धरून होता. खिडक्यांच्या फटींतून पाणी आत यायचं, कागद दमट व्हायचे, तरी शनिवारी कुणी घरी राहत नसे.

महिनाभराने ती चालण्याकडे वळली. "ओळखीचं कुणीतरी निवडा," तिने सांगितलं, "आणि त्याला कागदावर चालवा. बघणाऱ्याने नाव न सांगता ओळखलं पाहिजे."

कुणी शाळेचा शिपाई घेतला, कुणी लंगोरीत हात फिरवत धावणारा मित्र, कुणी दारावर मासळी घेऊन येणारा भिकू. पूर्वी नावाची एक मुलगी होती. खिडकीजवळ बसायची, बोलायची कमी, पण तिची रेघ वर्गात सगळ्यांत मोकळी होती. ती कागदामागून कागद फाडत होती. वर्ग सुटला तरी बसून राहिली.

"मला येत नाय, मॅडम."

गौरीने चित्रं चाळून बघितली. साडीतली एक बाई चालत होती. पावलं बरोबर होती, हात बरोबर होते, पण ती कुणीही असू शकली असती.

"कोण आहे ही?"

"मम्मी."

"मग घरी जाऊन नीट बघ ना तिला. चार दिवस नुसती बघ. काढू नकोस."

"ती मस्कतला असते. एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायला."

"कधीपासून?"

"मी सहावीत होते. वादळानंतर. यायची होती गेल्या वर्षी, मग नाय सोडली त्यांनी."

"फोन करते ना पण? व्हिडिओवर?"

"रोज." पूर्वीने खोडरबराचा चुरा हाताने एकत्र केला. "पण फोनवर तोंडच दिसतं."

गौरीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे आज. काहीतरी काढू आपण मार्ग."

घरी येताना मात्र पूर्वीचं ते "तोंडच दिसतं" तिच्या मनातून जाईना. जेवण झाल्यावर दुपारची ती टेबलाशी बसली आणि आपल्या आईला काढायला घेतलं. अंबिका बापट, वय साठच्या पुढे, नऊवारी नाही, साधी पाचवारी, पदर खोचलेला. चेहरा चटकन आला. मान, खांदे, केसांचा बारका अंबाडाही आला. मग तिने आईला चालवायला घेतलं आणि हात थांबला. आई स्वयंपाकघरातून पडवीत यायची, पडवीतून विहिरीवर जायची, ते सगळं आठवत होतं, पण यायची कशी? पाऊल लांब टाकायची की आखूड? गौरीने फोनमधले फोटो काढून पाहिले. सगळ्या फोटोंत आई उभी होती नाहीतर बसलेली होती. लग्नाच्या, मुंजींच्या गर्दीत उभी, झोपाळ्यावर बसलेली. कुठेही चालत नव्हती.

आयुष्यभर गौरीने परक्यांची चालणी काढली होती. जी दिसेल ती चाल ती एका दुपारी पकडायची. आणि घरात तीस वर्षं चालणारी बाई तिला सापडत नव्हती. तिने एक चाल काढून बघितली, मग दुसरी. मग पेन्सिल ठेवून दिली आणि डोळे मिटून बसली.

"काय काढत्येस गो?" शरच्चंद्र वाडीतून पंच्याला हात पुसत आले.

"आई. चालताना. जमत नाहीये."

त्यांनी चष्मा लावून कागद उलटेपालटे केले. "ही अंबी नव्हे. ही कुणीतरी शहाणी बाई आहे, पोटातलं पाणी न हलवता चालणारी."

"मग कशी चालायची ती?"

शरच्चंद्र जरा घुटमळले. मग कागद ठेवून अंगणात उतरले. पाऊस उघडला होता, चिऱ्यांवर शेवाळ होतं. त्यांनी उजव्या हाताने पंचा जरा वर धरला, जसा निऱ्या धरतात तसा, डावा खांदा पुढे काढला आणि आखूड, भरभर पावलं टाकत विहिरीकडे निघाले. चार-पाच पावलं झाली की मान मागे वळायची, परत पुढे, परत थोड्या वेळाने मागे. सत्तरी ओलांडलेला उघडाबंब माणूस, पण विहिरीकडे आई चालली होती.

"मागे काय बघायची?" तिने विचारलं.

"मी येतोय का ते. मी कायम मागे राहायचो. बाजारात, देवळात, तुझ्या आजोळी जाताना. चाळीस वर्षं मी तिच्या मागून चाललो." ते पायरीवर बसले. धाप लागली होती.

"मला कसं आठवत नाही, बाबा?"

"तुला कसं आठवेल? तू कधी तिच्या मागून चालली नाहीस. तू पुढे पळायचीस."

ते सहज बोलले, पण गौरी त्या दिवशी पुढे काही काढू शकली नाही.

पुढच्या शनिवारी तिने पूर्वीला सांगितलं, "तुझ्या मम्मीच्या मागून कोण कोण चाललंय, ते शोधू. त्यांना विचारू." आणि वर्ग सुटल्यावर दोघी पूर्वीच्या घरी गेल्या. घर गावाच्या वरच्या अंगाला होतं, नव्या पत्र्याचं. पूर्वीची आजी कृष्णाबाई ओटीवर वाल सोलत बसली होती, आणि तिचा मुलगा दिपेश, पूर्वीचा बाप, आपली सहा सीटर रिक्षा धूत होता.

"मृणालीची चाल?" कृष्णाबाई हसली. "ती चालायची कुठं, बाय? पळायची. तिच्यासंगं बाजाराला जायचं म्हंजे माझा जीव जायचा."

"पाय कसे टाकायची, आजी?" पूर्वीने विचारलं.

"पायासारखे पाय. त्यात काय सांगायचं!"

दिपेश काच पुसत होता. गौरी निघायच्या बेताला आली तेव्हा तो पाठमोराच म्हणाला, "टाच आधी टेकायची. जोरात. घरात आली की मांडणीवरची भांडी वाजायची."

पूर्वी उठून उभी राहिली.

"आणि उजवा हात हलायचा न्हाय," तो म्हणाला. "वाडीत सुपारीच्या टोपल्या वाहिल्या ना तिनं, कमरेवर. हात रिकामा असला तरी तसाच धरायची, बाजूला. टोपली असल्यावाणी. डावाच तेवढा हलायचा." त्याने फडकं पिळलं. "मी चिडवायचो तिला."

पूर्वी चालायला लागली. ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, टाच आपटत, उजवा हात कमरेपासून बाजूला धरून. "अशी, पप्पा?"

"हात अजून खाली."

"अशी?"

"व्हय," दिपेश म्हणाला आणि बादली उचलून मागल्या दारी गेला.

त्यानंतर पूर्वीने कितीतरी कागद भरले. टाच टेकताना सगळं अंग जरा खाली बसलं पाहिजे, नाहीतर आवाज येणार नाही, हे तिचं तिलाच सापडलं. शाळेच्या कागदावर आवाज नव्हताच, पण बघताना तो ऐकू यायला लागला. गौरीने चित्रांचे फोनवर फोटो काढले, एकामागून एक जोडले, आणि ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी खिडक्यांना चादरी लावून सगळ्यांची चलच्चित्रं वर्गाच्या भिंतीवर दाखवली. आईबाप आले होते. भिकू आला नव्हता, पण भिंतीवरचा भिकू बघून लोकांनी हसून हसून बाकं बडवली. मग पूर्वीचं चित्र आलं. बारक्या चणीची, पेन्सिलीच्या रेघांची बाई भिंतीवरून टाचा आपटत चालायला लागली. हसणं थांबलं. कृष्णाबाईने तोंडाला पदर लावला. "आली गो," ती म्हणाली, "आली माझी बाय." दिपेश उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

ते चित्र मम्मीला मॅडमच्या समोरच दाखवायचं असं पूर्वीने ठरवलं होतं. शिवाय वाय-फाय बापटांकडे बरं चालायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वी, दिपेश आणि कृष्णाबाई बापटांच्या पडवीत आली. व्हिडिओ आधी पाठवला आणि मग फोन लावला. पडद्यावर मृणालीचा चेहरा आला. हसणारा, गोल, कपाळावर स्कार्फ. मागे पांढऱ्या फरशा लावलेलं मोठं स्वयंपाकघर होतं.

"बघितलं गो, बघितलं! चार येळा बघितलं. मी काय अशी धपाधपा चालते?"

"व्हय!" कृष्णाबाई ओरडली. सगळी हसली. मृणालीने हसता हसता डोळे पुसले.

"मम्मी, चालून दाखव ना. मी काढलेला हात बरोबर आलाय का बघायचाय."

"आता? काम हाय माझं. म्हातारीची न्याहारी व्हायचीय."

"इथून तिथपर्यंत. फोन ठेव कुठंतरी."

"उद्या दाखवते."

"मम्मी, चाल ना."

मृणालीने फोन कशाला तरी टेकवून उभा केला. कितीतरी वर्षांनी ती त्यांना अख्खी दिसली. आधीपेक्षा भरलेली, लांब झग्यात. ती फ्रिजपर्यंत गेली, वळली, हसत परत आली.

"झालं समाधान?"

दिपेश आणि कृष्णाबाई हसत होते. पूर्वी हसत नव्हती. गौरीलाही हसता आलं नव्हतं. तिच्या डोळ्यांनी ते पूर्वीच्या आधी टिपलं होतं आणि गप्प राहायचं, नंतर दिपेशला बाजूला घेऊन सांगायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"परत चाल," पूर्वी म्हणाली.

"पुरे आता."

"मम्मी, तू डाव्या पायावर उभीच राहत नायस. टेकतेस आणि लगेच उचलतेस."

"काय न्हाय गो. फरशी वली हाय."

"फरशी ओली असली तर दोन्ही पाय जपून टाकशील. तू एकच जपतेस."

मृणालीचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आला होता, आणि तो अजून हसायचा प्रयत्न करत होता. मग तिला ते जमेनासं झालं. तिने सांगितलं, रमजानात जिन्यावरून पाय सटकला होता. घोटा सुजला, तिने फडकं बांधून काम केलं. तिथल्या घरच्यांनी मलम आणून दिलं. सूज गेली, दुखणं राहिलं. रोज संध्याकाळी ती उशीला टेकून, तोंड धुऊन, टिकली लावून फोन करत होती आणि तिकडे पाय गरम पाण्याच्या टबात असायचा.

"सांगितलं का न्हाईस?" दिपेशचा आवाज चढला.

"सांगून काय केलं असतंस? आला असतास उचलायला?"

दिपेशने पूर्वीच्या हातातून फोन घेतला आणि वाडीत गेला. पोफळींमध्ये तो इकडून तिकडे फिरत बोलत राहिला, कधी मोठ्याने, कधी नुसता ऐकत. पूर्वी पायरीवर बसली. गौरीने तिला पाणी दिलं. ते तिने हातात तसंच धरून ठेवलं.

पुढचे काही शनिवार पूर्वी वर्गाला आली नाही. खिडकीजवळची ती पाटी रिकामी असायची. गौरी शिकवायची, पण लक्ष दाराकडे. ही मुलगी आपल्याला इतकी जवळची कधी झाली, हे तिला कळलं नव्हतं. गणपती झाले तशी ती स्वतःच पूर्वीकडे गेली. पूर्वी मागल्या दारी कपडे वाळत घालत होती.

"रागावलीस का माझ्यावर?"

"नाय." तिने दोरीवर फ्रॉक टाकला. "मॅडम, मला आता सगळ्यांचंच दिसतं. आजीचा गुडघा. पप्पांचा खांदा. बघायचं नसलं तरी दिसतं."

"हो. ते जात नाही मग."

"तुमचं पण दिसतं."

"माझं काय?"

"तुम्ही चालता चालता मधूनच मागं बघता. आधी नव्हता बघत. आता बघता."

गौरीने बादलीतली एक साडी उचलली, पिळली आणि दुसरं टोक पूर्वीच्या हातात दिलं. दोघींनी ती झटकून दोरीवर टाकली.

दिपेशने मृणालीला तिकडे पाठवणाऱ्या एजंटला गाठलं, मस्कतमधल्या गावच्या माणसांना फोन लावले, आणि शेवटी त्या घरच्यांनी मृणालीला दवाखान्यात नेलं. हाड मोडून वाकडंच जुळलं होतं. अशी बाई म्हातारीला उचलणार कशी, म्हणून त्यांनी तिला मोकळं केलं. नवरात्रात दिपेश मुंबईला जाऊन तिला घेऊन आला.

दोन दिवसांनी निरोप आला तशी गौरी भेटायला गेली. मृणाली ओटीवर बसली होती, पाय उशीवर. आजूबाजूला खजुराची खोकी, शेजारपाजारच्या बाया. पूर्वी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आईपासून चार हात लांब, जणू पाहुणी आली होती आणि तिच्याशी काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

"या मॅडम," मृणाली म्हणाली. "ही पोर मला चालूच देत न्हाय. मी उठले की बघत उभी. मोरीत जायची चोरी झालीय."

बाया हसल्या. पूर्वीही थोडी हसली, पण नजर आईच्या पायावरच होती.

चहा झाला. ऊन उतरायला लागलं तशी गौरी निघाली, आणि ती नको नको म्हणत असतानाही मृणाली तिच्याबरोबर उठली. "रस्त्यापर्यंत येते. बसून बसून अंग आंबलंय." पूर्वी पुढे झाली, तशी मृणालीने तिला हाताने थांबवलं. "तू रहा. मॅडम हायत."

घरापासून रस्त्यापर्यंतची वाट दगडांची होती. दोघी हळूहळू निघाल्या. आंब्याखाली मृणाली थांबली.

"ते चित्र हाय का फोनात? माझा फोन पोरीकडं हाय. तिच्यासमोर सारखं बघायला बरं न्हाय वाटत."

गौरीने फोन काढून दिला. पेन्सिलीची बाई चालायला लागली. टाच, टाच, टाच. उजवा हात स्थिर. मृणाली बघत राहिली. चित्र संपायचं आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचं.

"डॉक्टर म्हणतो ऑपरेशन करूया, पण आधीसारखी न्हाय चालणार," ती म्हणाली. "ही बाई काय आता परत यायची न्हाय."

गौरीला खोटं बोलवेना. "नाही," ती म्हणाली.

"तिकडं असताना मला वाटायचं, मी घरी अशीच फिरतेय, टोपली घेऊन. इथली भांडी वाजतायत." तिने बोटाने पडदा पुसला. "ही पोचत कुठं न्हाय का?"

"नाही. एवढीच पावलं आहेत. तीच परत परत येतात."

"मग घरी पोचल्याली पण काढायला सांगा तिला," मृणाली म्हणाली आणि फोन परत दिला.

पुढे वाट उतरती होती. मृणालीने विचारलं नाही, सरळ गौरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि भार टाकला. भार बराच होता. गौरीने आपली पावलं आखूड केली, आणि दोघी एकेक दगड बघत खाली उतरू लागल्या.